घड्याळ लाल दाखवतंय, पण मला तर बरं वाटतंय!

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं झोप, ठोके, पावलं मोजणाऱ्या मनगटावरच्या घड्याळाबद्दलच आहेत. कुणाला घड्याळ खोटं बोलतंय असा संशय आहे, कुणी त्याच्या धाकात राहतंय, आणि एका वाचकांना तर ही भानगडच मुळात मान्य नाही. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांब पत्रं थोडी कापलीत, राग नसावा.

प्रश्न: ताई, सकाळी उठलो की मी आधी मोबाईल उघडून स्लीप स्कोअर बघतो. परवा मस्त फ्रेश उठलो होतो, मग बघितलं तर स्कोअर ५४ आणि डीप स्लीप फक्त ३८ मिनिटं. तिथून पुढे दिवसभर अंग जड, संध्याकाळचा वर्कआऊट पण सोडून दिला. आता कळत नाहीये की मी खरंच थकलो होतो की स्कोअर बघून थकलो. विश्वास कुणावर ठेवायचा?

स्कोअर बघून थकलात याची शक्यता बरीच आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. २०१४ साली ड्रॅगॅनिच आणि अर्डल या दोघी संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. कॉलेजच्या मुलांना एक मशीन जोडलं आणि सांगितलं की यावरून काल रात्री तुमची झोप कशी झाली ते कळतं. मशीन तसलं काही मोजतच नव्हतं, कुणाला काय सांगायचं ते आधीच ठरलेलं. ज्यांना 'तुमची झोप सरासरीपेक्षा चांगली झाली' असं सांगितलं त्यांनी नंतरच्या चाचण्यांत चांगले मार्क पाडले, ज्यांना 'कमी झाली' म्हणून सांगितलं त्यांचे घसरले, आणि गंमत म्हणजे मुलांना स्वतःला आपली झोप कशी वाटली होती त्यावरून निकालाचा काही अंदाज लागत नव्हता. २०१८ मध्ये निद्रानाशाचा त्रास असलेल्या लोकांवर जवळपास असाच प्रयोग झाला, त्यांच्या मनगटावर मोजणारं यंत्र बांधून सकाळी मुद्दाम खोटा निकाल दाखवला. ज्यांना वाईट निकाल दाखवला ते दिवसभर जास्त पेंगुळलेले आणि खालच्या मूडमध्ये राहिले. म्हणजे आकडा नुसता माहिती देऊन थांबत नाही, तो तुमचा दिवस पण घडवतो. घड्याळाने दाखवलेली झोप परफेक्ट करण्याच्या नादात झोप आणखी बिघडवून घेणाऱ्यांसाठी २०१७ पासून डॉक्टर मंडळी 'ऑर्थोसोम्निया' असा शब्द वापरायला लागलीयेत, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

आता त्या ३८ मिनिटांचं बघू. झोपेचे टप्पे नीट मोजायचे असतील तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण हे सगळं रात्रभर नोंदवावं लागतं. तुमच्या घड्याळाकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे हात किती हलला आणि ठोके कसे पडले एवढंच आहे, त्यावरून ते डीप (गाढ), लाईट (हलकी), आरईएम (स्वप्नांची) झोप अशी अटकळ बांधतं. एकूण किती तास झोपलात हे त्यातल्या त्यात बरं सांगतं, तिथे सुद्धा तुम्ही जागे राहून गप्प पडून होतात तर ते पण झोपेच्या खात्यात जाऊ शकतं. टप्प्यांचे आकडे मी तरी फार मनावर घेत नाही. आणि त्या ५४ चा तर प्रश्नच नाही, तो कंपनीने स्वतःच्या फॉर्म्युल्याने काढलेला गोळाबेरीज आकडा, आत काय किती टाकलंय ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही.

तर करायचं काय. उठल्यावर फोनला हात लावायच्या आधी वहीत तीन आकडे टाका, ० ते १० मध्ये: झोप कशी वाटली, अंग कसं आहे, मूड कसा आहे. मग हवं तेव्हा स्कोअर बघा, शक्यतो दुपारनंतर. आधी अंदाज, मग आकडा, हा क्रम काही केल्या उलटा होऊ द्यायचा नाही, कारण एकदा ५४ दिसला की नंतर लिहिलेलं सगळं त्या ५४ च्या रंगात रंगलेलं असतं. दोन्ही जुळले तर प्रश्नच मिटला. तुम्हाला बरं वाटतंय आणि घड्याळ नाक मुरडतंय तर ग्राऊंडवर जा, पहिली १० मिनिटं हळू करा आणि मग ठरवा. आणि उलटं असेल, म्हणजे घड्याळ हिरवं आणि तुमचा घसा दुखतोय, अंग मोडून आलंय, तर स्वतःचं ऐका. हिरव्या रंगावर भरवसा ठेवून तापात इंटरव्हल (मध्ये थोडा दम घेत जोरात पळण्याचे तुकडे) मारायला गेलेली माणसं असतात, खरंच असतात.

प्रश्न: वय ४१, हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. कोच म्हणतात इझी रन झोन २ मध्येच, म्हणजे ठोक्यांच्या पाच पायऱ्यांतल्या दुसऱ्या, हलक्या पायरीवर करायचा. मी अगदी आरामात, मैत्रिणीशी गप्पा मारत पळते तरी घड्याळ हार्ट रेट १५२ दाखवतं आणि झोन ४ म्हणून ओरडतं. झोन २ मध्ये राहायचं तर मला चालावं लागतं! माझं हार्ट कमजोर आहे का?

हार्टबद्दल शंका असेल तर डॉक्टरकडे जाऊन एकदा तपासून घ्या, तो भाग कॉलममध्ये सुटणारा नाही. पण तुमचं पत्र वाचून मला पहिला संशय घड्याळाच्या गणितावर येतो.

बहुतेक घड्याळं तुम्ही वय टाकलं की २२० वजा वय करून कमाल हार्ट रेट धरतात. तुमच्या बाबतीत १७९, आणि झोन त्याच्या टक्क्यांवरून पाडतात. हा फॉर्म्युला १९७० च्या सुमाराला आला, कुठल्याही एका पक्क्या संशोधनातून निघालेला नाही, उपलब्ध माहितीवरून ठोकळमानाने ओढलेली रेघ आहे ती. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा जरा बरा हिशोब मांडला, पण तो पण सरासरीच, आणि सरासरीच्या आजूबाजूला १०-१२ ठोके इकडे तिकडे असणं अगदी नॉर्मल आहे. इथेच घोडं पेंड खातं. १७९ धरलं तर १५२ म्हणजे ८५ टक्के, झोन ४. पण तुमचा खरा कमाल आकडा समजा १९२ असेल तर तेच १५२ म्हणजे ७९ टक्के, झोन ३. तुम्ही तीच, पळणं तेच, झोन मात्र बदलला. त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन कमाल हार्ट रेट बदला, एखाद्या शर्यतीच्या शेवटच्या जोरात किंवा कोचच्या देखरेखीखाली चढावर केलेल्या टेस्टमध्ये आलेला खरा आकडा टाका.

दुसरी शक्यता, १५२ हेच चुकीचं असेल. मनगटावरचं सेन्सर हिरवा प्रकाश कातडीत सोडतं आणि रक्त तो किती शोषून घेतंय त्याच्या चढउतारावरून ठोके मोजतं. पट्टा सैल असेल, हात गार पडले असतील, मनगटावर टॅटू असेल तर गडबड होते. पळताना आणखी एक प्रकार होतो, हाताच्या हिसक्यांची लय सेन्सरला ठोक्यांची लय वाटते आणि ते तुमची पावलंच मोजून दाखवतं. ओळखायचं कसं, तर स्क्रीनवर कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) आणि हार्ट रेट शेजारी शेजारी लावा, दोन्ही एकाच आकड्याला चिकटून चालले असतील तर समजून जा. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट बांधा, किंवा सरळ छातीचा पट्टा वापरा, तो हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो त्यामुळे पळताना बराच भरवशाचा असतो. छातीच्या पट्ट्याची ही आयडिया नवीन नाहीये, फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्येच वायरलेस पट्टा आणि मनगटावर आकडा असा जोड बाजारात आणला होता.

आणि गप्पा मारत पळता येतंय, याला तुम्ही किरकोळ समजू नका! पूर्ण वाक्य न तुटता बोलता येणं ही इझी रनची जुनी आणि चांगली कसोटी आहे, टॉक टेस्ट म्हणतात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तर १९६० च्या दशकात 'किती जोर लागतोय असं वाटतंय' यालाच आकडे देऊन ६ ते २० ची पट्टी बनवली, ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे जीव जायची वेळ. ही पट्टी ६ पासून का सुरू होते माहितीये? आकड्याला १० ने गुणलं की तरुण निरोगी माणसाचा साधारण हार्ट रेट येतो, ६ ला ६०, १३ ला १३०. अर्थात वय वाढलं की हे गणित ढिलं होत जातं, पण स्वतःच्या वाटण्याचा शरीरात चाललेल्या गोष्टींशी चांगला मेळ बसतो हे तेव्हापासून माहिती आहे. तुमच्या पट्टीवर तो रन ११ च्या आसपास येत असेल तर माझं मत तुमच्या बाजूने. फक्त एक प्रामाणिकपणे तपासा, गप्पा म्हणजे तुम्ही बोलताय की मैत्रीण बोलतेय आणि तुम्ही नुसतं हं हं करताय?

प्रश्न: मुलगी १७ वर्षांची, बॅडमिंटन खेळते. वर्षभरापासून घड्याळावर एचआरव्ही आणि रिकव्हरी (शरीर किती सावरलंय ते) बघते. रिकव्हरी लाल असली की मॅचच्या दिवशी सुद्धा चेहरा पडतो, 'आई, आज हरणार' म्हणते. काढून टाक म्हटलं तर म्हणते सगळे वापरतात. काय करू?

आधी एचआरव्ही म्हणजे काय ते सांगते, कारण मुलीला बहुतेक कुणी सांगितलेलं नाही. पल्स ६० आहे म्हणजे बरोब्बर दर सेकंदाला एक ठोका पडतो असं नसतं, एक ठोका ०.९४ सेकंदाने पडेल, पुढचा १.०५ ने. श्वास आत घेताना जरा भराभर, सोडताना जरा सावकाश. हा जो कमीजास्तपणा, तो एचआरव्ही. साधारणपणे शरीर निवांत असलं की तो जास्त आणि ताण, आजारपण, अपुरी झोप, प्रवास असं काही असलं की कमी. पण तो रोजच्या रोज हेलकावे खातो, दोन माणसांचा आकडा एकमेकांशी लावून बघण्यात अर्थ नसतो, आणि वेगवेगळ्या कंपन्या तो वेगवेगळ्या पद्धतीने काढतात त्यामुळे मैत्रिणीचा ९० आणि हिचा ५५ याच्यावरून काही म्हणजे काही ठरत नाही. बघायचाच तर स्वतःच्या आठवडाभराच्या सरासरीशी ताडून बघायचा. मुलींच्या बाबतीत अजून एक, पाळीच्या आधीच्या दिवसांत एचआरव्ही थोडा खाली आणि रेस्टिंग पल्स थोडी वर जाणं नेहमीचं आहे. तेवढ्यावरून रिकव्हरी लाल झाली असेल तर त्याचा तिच्या स्मॅशशी काय संबंध?

तिला एक गोष्ट मात्र जरूर सांगा. २०१६ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ५६ अभ्यास एकत्र करून एक आढावा आला होता, प्रश्न असा की खेळाडूवर ट्रेनिंगचा भार किती पडतोय हे कशातून जास्त चांगलं कळतं, रक्ताच्या तपासण्या आणि हार्ट रेट वगैरे मोजमापांतून, की खेळाडूने स्वतः सांगितलेल्या मूड, थकवा, ताण यांतून. खेळाडूचं सांगणंच सरस ठरलं. म्हणजे जे काम ती घड्याळावर सोपवतेय त्याचं सगळ्यात चांगलं यंत्र तीच आहे, फक्त वापर नसल्याने त्याची सवय गेलीये.

काढून टाक म्हणून भांडू नका, १७ व्या वर्षी त्याचा उपयोग नसतो. त्याऐवजी तडजोड अशी करा: मॅचच्या दिवशी आणि आदल्या रात्री घड्याळ हातात नाही, ठोक्यांचा डेटा आठवड्यातून एकदा, रविवारी, कोचबरोबर बसून बघायचा. मॅचच्या सकाळी लाल दिसल्यावर ती करणार काय आहे, मॅच रद्द? ज्या माहितीवरून काही बदलायचंच नाहीये ती माहिती त्या वेळी निव्वळ डोक्याला ताप. रोज सकाळी तिने कोचला एक मेसेज टाकायचा, थकवा १० पैकी किती आणि खेळावंसं वाटतंय का, बास. आणि ट्रेनिंगनंतर व्यायामशास्त्राचे संशोधक कार्ल फॉस्टर यांची साधी पद्धत, सेशन किती जड गेलं ते ० ते १० मध्ये, गुणिले मिनिटं. ९० मिनिटं आणि ७ असेल तर ६३०. आठवड्याची बेरीज अचानक दुप्पट झालेली दिसली तर कोचला विचारा, तुम्हाला तेवढा हक्क आहे.

एक मात्र गंभीरपणे. थकवा कित्येक आठवडे हटत नसेल, वजन उतरत असेल, पाळी चुकत असेल तर कुठलंही ॲप न बघता डॉक्टर गाठा.

प्रश्न: रोज १०,००० पावलं होतात का नाही हा एकच ध्यास. रात्री १० वाजता ९,२०० असली तर मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालतो, घरचे हसतात. वय ६८. हसण्यावारी नेऊ की चालू ठेवू?

काका, चालणं चालू ठेवा, येरझाऱ्या बंद केल्यात तरी चालेल. १०,००० हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरचं नावच 'मानपो-केई' होतं, दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. गोल आकडा, तोंडात बसला, जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या १६ हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास आला, त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, पुढे आणखी कमी होत गेलं आणि साधारण ७,५०० ला येऊन सपाट झालं. निरीक्षणाचा अभ्यास आहे, शिवाय फक्त स्त्रियांचा, तेव्हा शब्दशः घेऊ नका, पण ९,२०० वर झोपायला जायला हरकत नाही एवढं नक्की.

मला काळजी दुसरी आहे. चालताना तुम्हाला मजा येते का अजून? संशोधक जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की चालणं, वाचणं, चित्रं रंगवणं असल्या आवडीच्या गोष्टी मोजायला लागलं की लोक त्या जास्त करतात, पण आनंद कमी होतो, आणि पुढे त्या चालू ठेवण्याचं प्रमाणही घटतं. म्हणून आठवड्यातले दोन दिवस घड्याळ घरी ठेवून जा, आणि परत आल्यावर अंदाज करा किती पावलं झाली असतील. तपासायची गरज नाही. हसणाऱ्यांना बरोबर घेऊन जा.

प्रश्न: एका तासाच्या वर्कआऊटला घड्याळ ६२० कॅलरी दाखवतं, तेवढं जास्तीचं खाल्लं तर चालेल ना?

नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी सात घड्याळं-बँड तपासले होते, हार्ट रेट सातपैकी सहा जणांनी ५ टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर दिला पण कॅलरीत सगळे आपटले, त्यातल्या सगळ्यात चांगल्याची चूक सरासरी २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३. वजन कमी करायला घड्याळ घेतलं असेल तर अजून एक ऐका: २०१६ साली ४७१ तरुण-तरुणींवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीत ज्यांना नेहमीच्या सल्ल्याबरोबर बँड दिला होता त्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं, आणि बँड न देता स्वतः नोंदी ठेवायला सांगितलेल्यांचं ५.९ किलो. का ते त्या अभ्यासातून ठामपणे कळत नाही. कॅलरीचा रकाना स्क्रीनवरून काढून टाका.

प्रश्न: तुमचा कॉलम आवडतो पण हल्ली तुम्ही पण या गॅजेटवाल्यांच्या नादी लागलात. शरीर सगळं सांगतं, ऐकणारा पाहिजे. मी ३० वर्षं व्यायाम करतोय, कधी काही बांधलं नाही. सांगा, माझं काय अडलं?

तुमचं काही अडलं नसेल, पण 'शरीर सगळं सांगतं' हे मला मान्य नाही. शरीर पुष्कळ सांगतं, काही गोष्टी लपवतं आणि काही बाबतीत चक्क थापा मारतं.

थापेचं उदाहरण देते. २००३ साली व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना १४ दिवस रोज रात्री सहाच तास झोपायला दिलं आणि दिवसभर त्यांची लक्ष टिकवण्याची परीक्षा घेत राहिले. कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, दोन आठवड्यांनी ती रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी वाईट झाली. पण या लोकांना विचारलं की झोप येतेय का, तर पहिले काही दिवस हो म्हणाले आणि मग त्यांचं उत्तर जवळपास तिथेच थांबलं. म्हणजे घसरण चालूच आणि घसरतोय हे वाटणं बंद. 'मला सहा तास पुरतात' म्हणणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, त्यांतल्या किती जणांना खरंच पुरतात कुणास ठाऊक. इथे किती तास झोपलो एवढं नुसतं लिहून ठेवणारं घड्याळ माझ्या-तुमच्या वाटण्यापेक्षा खरं बोलतं.

लपवण्याचं उदाहरण म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे ठोके अनियमित पडणं. कित्येकांना त्याचं काहीच लक्षण जाणवत नाही आणि त्याने पक्षाघाताचा धोका मात्र वाढतो. ॲपलच्या घड्याळावर ४ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना अनियमित नाडीची सूचना आली, आणि नंतर ज्यांनी ईसीजीचा पॅच लावून पाठवला त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये त्या पॅचवर खरंच एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. सूचना आली म्हणजे आजार झालाच असं नाही आणि नाही आली म्हणून सुटलो असंही नाही, पण असल्या बाबतीत मी शरीराच्या गप्प बसण्यावर विसंबणार नाही.

आणि व्यायामातच बघायचं तर कार्ल फॉस्टर यांनीच २००१ च्या सुमाराला कोचने ठरवलेलं आणि खेळाडूने प्रत्यक्ष केलेलं ट्रेनिंग शेजारी मांडून बघितलं होतं. ज्या दिवशी कोचला हलकं हवं होतं त्या दिवशी खेळाडू जास्त जोरात करत होते, आणि जड दिवशी कमी. सगळे दिवस मधल्या मध्ये. ही खोड मनापासून मेहनत करणाऱ्यांना जास्त असते, तुमच्यासारख्यांना, आणि ती स्वतःच्या स्वतःला दिसत नाही. हलक्या दिवशी वेग दाखवणारी एक साधी तबकडी पुरते, महागडं काही लागत नाही.

३० वर्षांचा तुमचा अनुभव मी कमी लेखत नाहीये. उलट तुमच्यासारख्या माणसाने महिनाभर घड्याळ बांधून आधी अंदाज लिहिला तर तो अंदाज बहुतेक वेळा बरोबर येईल अशी माझी पैज आहे. पण कुठे बरोबर आणि कुठे चूक हे बांधल्याशिवाय कळणार कसं?

प्रश्न: मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन दिलं, मस्त झालं, मजा आली, आणि नंतर बघते तर घड्याळात तो अर्धा तास 'हाय स्ट्रेस'. मला आतून टेन्शन असतं आणि कळत नाही असं आहे का?

छे. घड्याळ ठोके आणि त्यांचा कमीजास्तपणा बघतं, मन बघत नाही. भीतीने छाती धडधडते, आनंदाने पण धडधडते, जिना चढलात तरी धडधडते. शरीर तयारीत आलं होतं एवढंच त्याला कळलं, त्याला टेन्शन म्हणायचं की रंगात येणं, ते तुम्ही ठरवायचं आणि तुम्ही ठरवलंय: मजा आली. तो ग्राफ मी रात्रीसाठी वापरीन, म्हणजे अंथरुणात पडून तासभर झाला तरी तो खाली येत नाहीये असं आठवडाभर दिसलं तर तेव्हा विचार करायचा.

प्रश्न: मला आकडे आवडतात, सोडायचे नाहीयेत. पण बॅटरी संपली की माझं पळणं आंधळं होतं, वेग कळत नाही, दम किती लागलाय कळत नाही. शरीर वाचायला शिकता येतं का, की ते उपजतच असावं लागतं?

माणसागणिक फरक असतो हे खरं. हाताला-मानेला बोट न लावता नुसतं आतून जाणवतील तेवढे ठोके मोजायचे, अशी एक चाचणी १९८१ पासून वापरात आहे, त्यात बऱ्याच जणांची मोजणी खऱ्यापेक्षा चांगलीच कमी येते. लंडनच्या वित्तीय बाजारातल्या ट्रेडरांवर २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, त्यांना आपले ठोके इतरांपेक्षा जास्त नीट ओळखता येत होते आणि त्यांच्यातही ज्यांना जास्त नीट येत होते ते जास्त नफ्यात. यावरून ठोके मोजा आणि श्रीमंत व्हा असं कुणी काढू नये! एवढंच की आतला आवाज ऐकू येण्याचा संबंध फक्त मैदानाशी नाही.

पळण्याच्या बाबतीत मात्र सरावाने अंदाज सुधारतो, आणि त्यासाठी घड्याळासारखी चांगली गोष्ट नाही, कारण ते लगेच उत्तर देतं. पहिल्या दोन आठवड्यांत स्क्रीनवर फक्त वेळ ठेवा, बाकी सगळं मागे. प्रत्येक किलोमीटरला घड्याळ थरथरलं की बघायच्या आधी मनात म्हणा, ६ मिनिटं १० सेकंद, हार्ट रेट १४८. मग बघा. सुरुवातीला अंदाज हास्यास्पद चुकतो. कशाकशावरून अंदाज केलात ते पण टिपून ठेवा, श्वास नाकाने चाललाय की तोंडाने, दोन पावलांना एक श्वास की तीनला, खांदे वर चढलेत का, जबडा आवळलाय का. काहींना पावलाच्या आवाजावरून वेग कळतो, काहींना श्वासावरून, तुमची खूण कुठली ते तुम्हालाच शोधावं लागेल. एक भानगड लक्षात ठेवा, उकाड्यात आणि लांब रनच्या दुसऱ्या अर्ध्यात वेग तोच असून ठोके चढत जातात, त्यामुळे तिथे अंदाज आणि आकडा फाटले तर गोंधळून जाऊ नका, त्या दिवशी वेगाला धरून बसायचं नाही, श्वासाला धरायचं.

मग आठवड्यातून एक रन स्क्रीनवर चिकटपट्टी लावून. रेकॉर्डिंग चालू, दिसत काही नाही. घरी येऊन कागदावर पूर्ण रनचा अंदाज लिहा, कुठल्या किलोमीटरला वेग पडला, कुठे जास्त जोर लावला, आणि मगच पट्टी काढा. सलग काही आठवडे वेगाचा अंदाज किलोमीटरला १० सेकंदांच्या आत आणि ठोक्यांचा ५ च्या आत येत राहिला तर पुढची एखादी छोटी शर्यत घड्याळाशिवाय पळून बघा, आणि त्या वहीची पानं मला पाठवा, चुकलेली पण.